जुन्या ट्रकला एसी बसवण्याआधी रेडिएटर बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

साडेतीन टनांच्या वरच्या नव्या ट्रकना, म्हणजे एन-2 आणि एन-3 वर्गातल्या गाड्यांना, 2025 पासून वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली आहे. हा नियम फार आधी यायला हवा होता. पण दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांना तो लागू नाही, आणि ऊस, कापूस, कांदा, वाळू, सिमेंट वाहणाऱ्या कितीतरी गाड्या त्याच वयाच्या आहेत. त्यांच्यात ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागूनच इंजिनाचं बॉनेट असतं. मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या वर जातो तेव्हा त्या केबिनमध्ये माणूस दहा-दहा तास बसतो. म्हणून आता मालक मंडळी बाहेरून किट आणून जुन्या गाड्यांना एसी बसवून घेत आहेत. याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र बहुतेक ठिकाणी काम उलट्या क्रमाने होतं, त्याबद्दल हे पत्र.

किट बसतं, दोन दिवस केबिन गार होते आणि तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या चढणीला गाडी उकळते. मग दोष एसीवर येतो. खरं तर गाडीचं कूलिंग आधीच काठावर आलेलं असतं, एसीने ते फक्त उघडं पाडलेलं असतं.

याचा हिशेब साधा आहे. इंजिनातलं पाणी 95 अंशांवर आणि बाहेरची हवा 42 अंशांवर असेल तर दोन्हींत 53 अंशांचं अंतर आहे. रेडिएटर जी उष्णता बाहेर टाकतो ती या अंतराच्या जोरावर. आता त्याच्या पुढे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, उभा केला. केबिनमधून ओढलेली उष्णता आणि एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरने घातलेली भर मिळून सहा-सात किलोवॉट उष्णता हा कंडेन्सर त्याच हवेत सोडतो. रेडिएटरवर येणारी हवा पाच-सात अंशांनी तापते. सहा अंश धरले तर 53 चे 47 झाले, म्हणजे रेडिएटरच्या ताकदीचा नववा हिस्सा गेला. त्यात कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाचे तीन-चार हॉर्सपॉवर जातात ते वेगळे. रेडिएटर धडधाकट असेल तर तो हे पचवतो. अर्ध्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतील तर पचत नाही.

क्षार हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ढाब्यावरच्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं जातं. क्षाराचा थर उष्णता जाऊ देण्यात बिडापेक्षा वीसेक पट मागे असतो, त्यामुळे हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) आत आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या) मागे साचलेला पातळ पापुद्राही पुरेसा घातक ठरतो. बऱ्याच जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांबं-पितळेचे आहेत, ही त्यातली जमेची बाजू. वरची टाकी उघडून प्रत्येक नळीत पट्टी घालून ती मोकळी करता येते. नुसतं बाहेरून फ्लश करण्यापेक्षा हे काम जास्त खात्रीचं, फक्त टाकी पुन्हा झाळणारा कारागीर चांगला हवा.

इंजिनाच्या आतला क्षार काढायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, चालतं. प्रमाण दहा लिटर पाण्याला अर्धा किलो. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून ठेवायचा, इंजिन चालवून पाणी 80 अंशांवर आणायचं, अर्धा तास फिरवायचं आणि थोडं निवल्यावर सोडून द्यायचं. मग धुण्याचा सोडा मूठभर घालून एकदा आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. रेडिएटरचा नळ उघडला की काम झालं असं समजू नये. इंजिनाच्या ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असतो, बहुतेक वेळा तो गाळाने बुजलेला असतो आणि खरा चिखल त्याच्याच मागे असतो. कॉस्टिक सोडा किंवा बाथरूम धुण्याचं ॲसिड मात्र कधीही घालू नये, ॲल्युमिनियमचे भाग खाऊन टाकतं. आणि रेडिएटर फारच जुना असेल तर क्षार निघाल्यावर गळती उघडी पडू शकते, हे मालकाला आधीच सांगावं.

यानंतर भरायचं ते कूलंट आणि आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा समज चुकीचा आहे. ते गंज थांबवतं आणि उकळण्याची पातळी वर नेतं. वेट लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या, इंजिनात तर साध्या पाण्याने लायनरच्या बाहेरच्या अंगाला बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस पाणी थेट ऑइलमध्ये उतरतं. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळू नयेत, काहींची जेलीसारखी साय बनते. रंग सारखा म्हणजे जात सारखी, असं नसतं.

आता रेडिएटरचं झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. 0.7 बार दाबाचं झाकण नीट धरत असेल तर साधं पाणीही 114-115 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं असेल तर पुणे-सातारा पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, तेच पाणी 98 अंशांना उकळतं. म्हणजे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात पोहोचायच्या आतच पाणी बाहेर. जास्त बारचं झाकण लावणं हा त्यावर उपाय नाही, जुन्या टाकीची झाळ उसवते. जो आकडा मूळ झाकणावर कोरलेला आहे तोच घ्यावा. गाडी थंड झाल्यावर होज पाइप चपटा झालेला दिसला तर झाकणाचा आतला छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे असं समजावं.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत आमच्याच व्यवसायातली आहे आणि ती थांबायला हवी. बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते. काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच परत फिरतं, त्यामुळे घाटात गाडी उलट जास्त तापते. सपाटीला मात्र इंजिन गार राहतं, डिझेल जास्त पितं आणि लायनर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट तपासायला पाच मिनिटं लागतात. तारेला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बाजूला थर्मामीटर धरा. तो 80-83 अंशांच्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि 95 पर्यंत आठ-दहा मिलिमीटर उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा घ्या, पण जागा रिकामी ठेवू नका.

हवेची बाजूही तितकीच महत्त्वाची. घाटात भरलेली गाडी ताशी पंधरा किलोमीटरने चढते, तेव्हा समोरून वारा असा मिळतच नाही, सगळा भार पंख्यावर असतो. म्हणून पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेलं कडं, लागतोच. अपघातात तुटला म्हणून काढून टाकलेला श्राउड आणि त्यानंतर सुरू झालेलं तापणं, हे दोन्ही एकमेकांशी जोडून बघितलं जात नाही. श्राउड नसेल तर पंखा इंजिनाकडचीच गरम हवा पुन्हा फिरवत बसतो. पात्याचं टोक आणि श्राउड यांत 20-25 मिलिमीटर जागा असावी आणि पात्याची निम्म्याहून थोडी जास्त रुंदी श्राउडच्या आत असावी. पंखा उलटा बसला तरी हवा त्याच दिशेला ओढतो, म्हणून चूक कळत नाही, पण हवा बरीच कमी ओढतो. पात्याचा खोलगट भाग इंजिनाकडे हवा. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर 10-15 मिलिमीटर दबावा.

रेडिएटरची जाळी धुताना पाणी किंवा हवा इंजिनाकडून पुढे मारायची, कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर. धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा जवळून मारला तर जाळीची बारीक पाती आडवी होतात. उसाच्या हंगामात पाचटाचा चुरा आणि खानदेश-विदर्भात कापसाचे तंतू कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. म्हणून कंडेन्सर असा बसवावा की चार बोल्ट सोडून तो पुढे झुकवता येईल. घाटात सतत भरलेली गाडी चालवायची असेल तर आम्ही टपावर बसणारा, स्वतःचे इलेक्ट्रिक पंखे असलेला कंडेन्सरच सुचवू. रेडिएटरच्या वाटेत तो येतच नाही. फक्त जुना 35-45 ॲम्पियरचा अल्टरनेटर त्या पंख्यांना आणि ब्लोअरला पुरेल का, हे आधी मोजावं.

एसीच्या जोडणीतही काही गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. कॉम्प्रेसरचा बेल्ट स्वतंत्र हवा. वॉटर पंपाच्याच बेल्टवर कॉम्प्रेसर चढवला आणि तो जाम झाला, की बेल्ट तुटून पाण्याचं फिरणंही थांबतं. कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट घरगुती अँगलचं नको, किमान 10 मिलिमीटरची पट्टी हवी, आणि पुली सरळ फळीला एका रेषेत लागल्या पाहिजेत. गळती तपासायला पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नये, तिच्यातली वाफ पाइपात राहते. नायट्रोजन वापरावा. शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन तर कधीच नाही. दाबातला ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. स्वस्तात काम करायला एसीच्या गॅसऐवजी एलपीजी भरणारेही आहेत. केबिनमध्ये गळती झाली आणि ड्रायव्हरने काडी ओढली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

गॅस भरण्याआधी पाइपांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा-पाऊण तास चालवावा आणि मग पंधरा-वीस मिनिटं दाबाचा काटा स्थिर राहतो का ते बघावं. पुण्याच्या उंचीवर पूर्ण व्हॅक्यूमलाही काटा पाऱ्याच्या 28 इंचांच्या आसपासच थांबतो, 29 दिसत नाही म्हणून गळती शोधत बसू नये. आर-134ए हा एसीचा गॅस किटवर लिहिलेल्या वजनानेच, वजनकाट्यावर मोजून भरावा. 35 अंशांच्या हवेत कमी दाबाची बाजू दोन-तीन बार आणि जास्त दाबाची बारा ते सोळा बार असेल तर ठीक. गारवा कमी वाटतो म्हणून आणखी गॅस ढकलला तर दाब चढतो, कंडेन्सर जास्त तापतो आणि पुन्हा रेडिएटरवरच भार येतो.

खरं तर गारवा कमी वाटण्याचं कारण अनेकदा केबिन असते. चेसिस घेऊन बाहेर बांधलेल्या केबिनच्या दारांना रबर नसतं, गिअरच्या दांड्याभोवती आणि पेडलखाली उघडी भोकं असतात. ती बुजवून बॉनेटला आतून उष्णतारोधक नमदा लावला तर एसीविनाही फरक पडतो. किटआधी हा खर्च करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हरभाऊंसाठी दोन गोष्टी. घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद करा आणि एक गिअर खाली घ्या. इंजिन जोरात फिरलं की पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात, वरच्या गिअरला रेटत राहिलात तर उलटं होतं. आणि थांबावं लागलं तर लगेच बंद करू नका, जरा वाढीव रेसवर फिरू द्या. पाणी उकळून बाहेरच आलं असेल तर मात्र बंद करा, झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

शेवटी एक मागणी. कूलंट 98-100 अंशांवर गेलं की कॉम्प्रेसर आपोआप तोडणारा एक छोटा तापमान स्विच असतो. थर्मोस्टॅटच्या घराजवळ तो बसतो. नव्या गाड्यांत ही सोय मुळातच असते, बाहेरच्या कित्येक किटमध्ये हा स्विच नसतो, किंवा असला तरी फिटर तो जोडत नाहीत. किट विकणाऱ्यांनी तो द्यावाच, आणि मालकाने पैसे देण्याआधी स्वतः तपासावा. एसी चालू ठेवून त्या स्विचची एक तार ओढून काढायची. टक् असा आवाज होऊन कॉम्प्रेसरचा क्लच सुटला पाहिजे. सुटला नाही, तर जोडणी अपुरी आहे आणि गाडी घाटात नेऊ नये.

आपले,
ट्रक इंजिन आणि एसी दुरुस्ती करणारे काही कारागीर,
कोल्हापूर