ताई, त्या दुरुस्तीबद्दल

आदरणीय ताई,

पत्र जाहीर लिहू का असं विचारलं तेव्हा तुम्ही आधी नाहीच म्हणालात. मग दुसऱ्या दिवशी फोन करून परवानगी दिलीत, पण नाव घालायचं नाही या अटीवर. अट पाळते आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

गेल्या महिन्यात माझा पहिला पूर्ण लांबीचा भयपट तयार झाला. शेवटची श्रेयनामावली तपासायला बसले आणि त्यात दोन रात्री गेल्या. एकूण १४३ नावं. प्रत्येकाला फोन करून विचारलं, तुमचं नाव तुम्ही कसं लिहिता? निर्मात्यांना नवल वाटलं. एवढा वेळ याच्यावर घालवायचा? मला मात्र दुसरं काही सुचतच नव्हतं, कारण बारा वर्षांपूर्वीची ती दुरुस्ती डोळ्यांसमोर होती.

तुम्हाला आठवत असेल. तुम्ही संपादन करत होतात त्या पुरवणीतला माझा तिसराच लेख. विषय होता पडद्यावरचे जलराक्षस. त्यात १९५४च्या ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ या चित्रपटाबद्दल मी ठोकून दिलं होतं की तो कल्लेवाला राक्षस युनिव्हर्सल स्टुडिओच्या रंगभूषा खात्याचे प्रमुख बड वेस्टमोर यांनी घडवला. लेख छापून आला आणि दोन दिवसांनी तुम्ही मला बोलावून घेतलंत. आवाज चढवला नाहीत. “हे कशावरून लिहिलंस?” एवढंच विचारलंत. मी म्हटलं, पडद्यावर त्यांचंच नाव आहे. “पडद्यावर नाव खात्याच्या प्रमुखाचं असतं,” तुम्ही म्हणालात, “काम कुणाचं, ते वेगळं विचारावं लागतं.”

मग मिलिसंट पॅट्रिकची गोष्ट सांगितलीत. डिस्नेच्या ॲनिमेशन विभागात काम केलेली चित्रकार. त्या राक्षसाचं रूप कागदावर आणण्यात मोठा वाटा तिचा. डोक्याचं शिल्प ख्रिस म्यूलर यांनी घडवलं, अंगावरच्या पोशाखाचं काम जॅक केव्हन यांनी सांभाळलं. युनिव्हर्सल स्टुडिओनं तिला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवलं, राक्षस घडवणारी सुंदरी म्हणून. वेस्टमोर यांना ते खपलं नाही. दौऱ्याचं नाव बदललं, तिनं राक्षस ‘घडवला’ हा शब्दच त्यातून गेला आणि परतल्यावर वेस्टमोर यांनी तिला पुन्हा काम दिलं नाही. पडद्यावर तिचं नाव नाहीच. पुढे २०१९ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक आलं, तेव्हा त्याची पहिली बातमी मला तुमच्याकडूनच आली होती. सोबत एक शब्दही नव्हता.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापायची, हे तुम्ही ठरवूनच टाकलं होतं. मी रात्रभर जागी होते. माझी कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली, असं वाटत होतं. सकाळी अंक उघडला. दुरुस्तीखाली दोन नावं होती. माझं आणि तुमचं. ‘संपादन करताना ही चूक माझ्याही नजरेतून सुटली’ असं तुम्ही स्वतः लिहिलं होतं. ताई, तोवर माझ्या एकाही लेखाखाली तुमचं नाव आलं नव्हतं, यायचं कारणही नव्हतं. माझ्यासोबत तुमचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते माझ्या चुकीत. त्याबद्दल मी तेव्हा आभार मानले नाहीत. मला जमलंच नाही. ते आज मानते आहे.

बाकी जे शिकवलंत, ते या दुरुस्तीच्याच मागोमाग आलं. भयपट म्हटलं की पुरवणीत कोपऱ्यातले दोनशे शब्द, हा तेव्हाचा रिवाज. तुम्ही पूर्ण पान दिलंत, पण एका बोलीवर. नट-नट्यांना “भूमिका करताना कसं वाटलं?” हा प्रश्न विचारायचा नाही. त्याऐवजी “ते कसं केलं?” विचारायचं, आणि ज्यानं ते हातानं केलं त्याला विचारायचं. रंगभूषाकार, ध्वनी-संयोजक, संकलक, कठपुतळ्या हलवणारा.

पहिल्या राउंडटेबल मुलाखतीला गेले तो दिवस मला लख्ख आठवतो. एका टेबलाभोवती आम्ही सातजण, समोर नायक, कोपऱ्यात घड्याळ बघत बसलेली प्रसिद्धी अधिकारी. वीस मिनिटं सातजणांत वाटायची. म्हणजे माझ्या वाट्याला धड तीन मिनिटंही नाहीत. सगळ्यांनी नायकाला त्याच्या पुढच्या चित्रपटाबद्दल विचारलं. मी बाहेर पडले ती कपाळाला हात लावून. जिन्यात एक गृहस्थ सामानाच्या पेट्या मोजत उभे होते. सहज बोलणं निघालं, तर त्या चित्रपटातले सगळे मुखवटे त्यांच्याच हातचे! कुणीही त्यांना काही विचारलं नव्हतं. आम्ही तिथेच पायरीवर बसून दीड तास बोललो. सिलिकोनची त्वचा दिव्यांच्या उष्णतेत कशी वागते, मुखवट्याच्या कडा चेहऱ्यावर विरून जाव्यात म्हणून काय करतात, नटाला घाम आला की काय होतं. टेप उतरवायला मला चार दिवस लागले. तुम्ही नायकाची मुलाखत दोन ओळींत संपवलीत आणि पायरीवरचं बोलणं पानभर छापलंत.

या प्रांतातल्या पत्रकारितेचा सगळा आबच मला यात दिसतो, आणि हे पटवून देण्यासाठी मी कुणाशीही वाद घालीन. ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ १९५८ला निघालं, ‘फँगोरिया’ १९७९ला. रंगभूषेसाठी ऑस्करचा नियमित, स्पर्धेतला पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो १९८२ साली, रिक बेकर यांना. म्हणजे ऑस्करवाल्या अकादमीच्या आधी कितीतरी वर्षं ही भयपटांची मासिकं त्या कारागिरांबद्दल छापत होती आणि शाळकरी पोरं ते वाचून घरात प्रयोग करत होती. बेकर त्यांतलेच एक. त्यांनी डिक स्मिथ या ज्येष्ठ रंगभूषाकारांना पत्र लिहिलं आणि स्मिथ यांनी हातचं काही न राखता त्यांना शिकवलं, पुढे ‘द एक्झॉर्सिस्ट’साठी सोबतही घेतलं. हा किस्सा तुम्ही मला किती वेळा सांगितलात! तेव्हा मला वाटायचं, तुम्ही बेकरबद्दल सांगताय. आता कळतं, तुमचा जीव स्मिथमध्ये अडकला होता.

दृश्य वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. आवाज बंद करून बघ. दार उघडण्याआधी कॅमेरा किती सेकंद थांबतो, ते मोजून ये. मग आवाज सुरू कर आणि कुठे शांतता आहे ते लिही. मी वह्याच्या वह्या भरल्या. माझ्या चित्रपटात मुलगी माळ्याच्या जिन्याखाली उभी आहे आणि वरून काहीच येत नाही, असा नऊ सेकंदांचा शॉट आहे. चार सेकंदांवर कापा, असा आग्रह होता. मी वही काढून दाखवली. शॉट नऊ सेकंदांचाच राहिला.

मध्ये एका मासिकानं माझं मानधन आठ महिने अडकवलं होतं, तेव्हा तुम्ही माझ्या वतीनं पत्रं लिहिलीत. ते मी कधी विसरणार नाही, पण त्यावर अधिक लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. माझा अठरा मिनिटांचा लघुपट महोत्सवात लागला, तेव्हा तुम्ही तो आधी बघायला नकार दिलात. आपल्या पानावर लिहिणाऱ्या मुलीचा चित्रपट आपल्याच माणसानं तपासायचा नाही, म्हणून परीक्षण बाहेरच्या लेखकाकडे सोपवलंत. ते परीक्षण कडक होतं. उत्तरार्ध सैल आहे, राक्षस फार लवकर दिसतो. एक शब्द कापला नाहीत. सकाळी ते वाचून मी हमसून रडले आणि तुमच्यावर चिडलेसुद्धा. रात्री तुमचा फोन आला. लघुपटाचं नावही काढलं नाहीत. “पुढचं काय लिहितेयस?” एवढंच. मी पुढचं लिहायला घेतलं. आज जो चित्रपट पुरा झाला, तो त्या रात्री सुरू झालेला. त्यात राक्षस एकाहत्तराव्या मिनिटाला दिसतो.

तर ताई, मनापासून आभार. पानांसाठी, तांबड्या शाईसाठी, त्या दोन नावांच्या दुरुस्तीसाठी.

नाव न घालण्याची तुमची अट या पत्रापुरती मी पाळली. श्रेयनामावलीसाठी पाळणार नाही. १४४वी ओळ रिकामी ठेवली आहे आणि शुक्रवारी ती प्रत बाहेर जाते आहे. इतक्या वर्षांत मी तुम्हाला ताईशिवाय दुसऱ्या नावानं हाकच मारली नाही, तेव्हा विचारून घेते. तुमच्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी, तेवढं गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
पुरवणीतली ती मुलगी