काचेतली कथा : रविवारच्या बैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता होणाऱ्या मासिक बैठकीत अमेरिकेतील त्लिंगित या आदिवासी समाजाचे काचकलाकार प्रेस्टन सिंगलटरी यांच्या कलाकृतींची छायाचित्रे पाहून चर्चा केली जाईल. डोमकावळा सरदाराच्या घरी नातू होऊन जन्मतो आणि रडून-रडून पेट्यांत कोंडलेले तारे, चंद्र व दिवसाचा उजेड मोकळा करतो, ही त्यांच्या समाजाची जुनी कथा त्यांनी काचेत मांडली आहे. फुंकून घडविलेल्या काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवून, ती थंड झाल्यावर नक्षीपुरता भाग चिकट आवरणाने झाकून वाळूचा जोरदार मारा केला जातो. उघडा थर झिजतो आणि खालचा रंग दिसू लागतो. उजेडाची कथा सांगायला त्या समाजाच्या पारंपरिक कोरीवकामातील लाकडापेक्षा काच अधिक शोभते, असे निदान प्रस्तुत लेखकास वाटते. अमेरिकेतील टोलेडो येथील १९६२ च्या काचकलेच्या कार्यशाळांचा इतिहास मागील बैठकीत झाला असल्याने त्यावर पुन्हा वेळ दिला जाणार नाही. दुहेरी थराची काचवस्तू संग्रही असल्यास ती कापडात गुंडाळून अवश्य आणावी. मात्र टेबल अरुंद असल्याने प्रत्येकी एकच आणावी आणि शुक्रवारपर्यंत कार्यवाहांना कळवावे.