जर्मन खोकं आणि बार्शीची काळी माती

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अंगणातल्या छोट्या रेल्वेवर लेख आला. वाचून आनंद झाला, आणि दुसऱ्या परिच्छेदापासून अस्वस्थही झालो. मी बार्शीत राहतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये 33 वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यातली चार परसात रूळ टाकण्यात आणि उखडण्यात गेली. लेखात दिलाय तोच सल्ला ऐकून मी पैसे बुडवले, ते आणखी कोणाचे बुडू नयेत एवढ्यासाठी हे लिहितोय.

लेख म्हणतो, 45 मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेला, तयार संच आणा, 60 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ हिरवळीवर मांडा, ट्रान्सफॉर्मर जोडा, झालं. होतं खरं. पण ती गाडी कोणाची? एलजीबी या जर्मन कंपनीने 1968 मध्ये 45 मिमीचे संच आणले ते तिकडच्या मीटरगेज गाड्यांच्या नकला म्हणून. नक्कल मूळ गाडीच्या साडेबावीस पट लहान. 1000 मिमीला 22.5 ने भागा, साधारण 45 येतात. त्यांचा हिशोब चोख आहे. माझी गाडी मात्र मीटरगेज नव्हती.

माझी गाडी म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, अशी सुरू केलेली अडीच फुटी, 762 मिमीची लाइन. हलके रूळ आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन नाही, हे त्याचं गणित. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. लहानपणी आजीचं बोट धरून मी तिने पंढरपूरला गेलोय. चढाला गाडी इतकी दमायची की पोरं खाली उतरून शेतातला हरभरा उपटून परत चढायची. आता तिथून ब्रॉडगेज धावते. चांगलंच आहे, पण ती काही आजीची गाडी नव्हे.

तर 762 मिमीची गाडी 45 च्या रुळावर बसवायची तर प्रमाण येतं 1:17. कॅलथ्रॉपचे मालडबे 25 फुटी, म्हणजे एकेक डबा जवळजवळ 45 सेंटिमीटरचा. माझं परस चाळीस बाय अठ्ठावीस फूट. त्यात तुळशी वृंदावन, धुण्याचा दगड, हौद, लिंबाचं झाड आणि कोपऱ्यात मोठा कडुनिंब. असले डबे वळवायला लागेल तेवढं वळण धुण्याच्या दगडावरून जात होतं. आमच्या सौ. म्हणाल्या, "रेल्वेने जमीन घ्यायची तर आधी नोटीस द्यायला पाहिजे." तिथेच 45 संपलं.

मग 32 मिमी. 762 ला 32 ने भागलं की जवळजवळ 24. प्रमाण 1:24, डबा 32 सेंटिमीटरचा, साडेतीन फूट त्रिज्येचं वळण पुरलं. आणखी एक फायदा मागाहून कळला. दुकानात 1:24 च्या धातूच्या मोटारी सहज मिळतात, त्या फाटकापाशी उभ्या केल्या की मापात बसतात. इंग्लंडमध्ये 32 मिमीवर बहुतेक लोक 1:19 ने काम करतात, पण त्यांची मूळ गाडी दोन फुटी असते. आपल्याकडे ते प्रमाण माथेरानच्या गाडीला शोभेल. कोणाला नेरळ-माथेरान करायची असेल तर 610 भागिले 19, बरोबर 32. सांगायचं एवढंच, की आधी आपली गाडी ठरवा, मग परसाची टेप लावा, आणि गेज त्या दोघांतून काढा. दुकानात काय मिळतं हा शेवटचा प्रश्न.

पण मी दुकानापासूनच सुरुवात केली होती. परदेशातून संच मागवला. खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70, आणि वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच रांगेत बसतं. कुरिअरवाल्याने पावती दाखवली तेव्हा मला वाटलं चुकून खऱ्या इंजिनाची आली.

तो पितळी रूळ मी हौसेने सिमेंटच्या पट्टीवर स्क्रूने घट्ट आवळला. इतकी वर्षं बसचे नट आवळले, हात तसाच चालणार. मे महिन्यात रूळ सापासारखा झाला. पितळ दर मीटरला दर अंशाला 0.019 मिमी वाढतं. पहाटेच्या 25 अंशांपासून दुपारी तापलेल्या रुळाच्या 65 अंशांपर्यंत दहा मीटरला साडेसात मिमी होतात. त्याला जायला जागा नको? रूळ स्लीपरमध्ये, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्यांत, सरकता हवा आणि सांध्याला फट हवी. खऱ्या रेल्वेची फिशप्लेट, म्हणजे सांध्यावरची जोडपट्टी, उगाच नसते.

जूनमध्ये सिमेंटची पट्टीही तडकली. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लेखातली "हिरवळीवर मांडा" ही ओळ लिहिणाऱ्याने बहुधा काळ्या रानात पाऊल टाकलेलं नाही. शेवटी नऊ इंच खोल चर काढला, काळी माती पूर्ण उपसली, मुरूम भरून धुमसाने ठोकला, वर ग्रिटचा, म्हणजे बारीक खडीचा, थर दिला आणि त्यावर शहाबादी फरशीचे तुकडे ओळीने बसवले. फरशीवाल्याकडे तोडलेल्या पट्ट्यांचा ढीग पडून असतो, नेणाऱ्याला तो चहा पाजतो. दोन पावसाळे झाले, एका जागी अर्धा इंच खचलंय, बाकी जागच्या जागी आहे.

आता वीज. रुळातून करंट द्यायचा म्हणजे रूळ रोज पुसायचा. कडुनिंबाखाली राहणाऱ्याने तर हा विचारच सोडावा. निंबोळ्यांचा चिकट गर, वर धूळ, वर पितळावरची काळी पुटं. इंजिन दोन फूट जातं, अडतं, पुन्हा उचक्या देत निघतं. मार्गाचा फास करून गाडी उलटी आणली की डावा-उजवा रूळ एकमेकांना भिडून शॉर्ट होतो, त्याला वेगळी सोय करा. डिजिटल पद्धतीत इंजिनाला हुकूम जातो तोही रुळातूनच, म्हणजे पुसणं चुकत नाही.

मी बॅटरी गाडीत टाकली आणि 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ लावला. आपल्याकडे या पट्ट्याला परवाना लागत नाही. रूळ नुसता वाट दाखवायला उरला म्हटल्यावर तो पितळी असायचीही गरज नाही. सध्या माझे रूळ म्हणजे 3 मिमी जाड, 10 मिमी रुंद ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, लाकडी स्लीपरच्या खाचांत उभ्या ठोकलेल्या. गावातल्याच ॲल्युमिनियमच्या दुकानातून आणल्या. चाकं लेथवर कातून घेतली. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये 28 मिमी अंतर ठेवलं की 32 च्या रुळावर नीट चालतात. बॅटरीने रूळ पुसण्याचा प्रश्न सुटला, तसा रुळाच्या खर्चाचाही. लेखात हा धागाच नव्हता.

रेडिओ घेताना दोन गोष्टी बघा. काही रिमोटची दांडी सोडली की मधे परत येते, गाडीला ती चालत नाही. फिरवून ठेवली की तिथेच राहणारी गुंडी हवी. फोनवरचं ॲपही नातवाने लावून दिलं होतं, पण त्यात सतत काचेकडे बघावं लागतं. गुंडी बोटाला कळते, नजर गाडीवर राहते.

दुसरी गोष्ट फेलसेफ. सिग्नल तुटला तर गाडी थांबेल असं रिसीव्हर रिमोटशी जोडतानाच ठरवून द्यायचं असतं. मी ते पान वाचलं नाही. अँटेना पत्र्याच्या बॉयलरमध्ये कोंबलेली, पत्रा सिग्नल अडवतो. वर पावसाने चिंब झालेलं झाड मधे. गाडी झाडामागे गेली ती माझं ऐकेना. त्याच वेगात वळणावरून सुटून हौदात गेली. नातू ओरडला, "आजोबा, बार्शी लाइट बुडाली!" शेजारीपाजारी धावत आले, त्यांना वाटलं कोणी माणूस पडलं. आता अँटेनाची तार ड्रायव्हरच्या लाकडी छपराखालून काढली आहे.

बॅटरी लिथियमची घेतली नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 42-43 वर जातो, पत्र्याच्या डब्यात त्याहून जास्त. तशा गरमीत लिथियम चार्ज करणं मला नको वाटतं. निकेल मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल, 1.2 व्होल्टचे बारा, एकूण 14.4 व्होल्ट, इंजिनामागच्या बंद डब्यात. संध्याकाळभर पुरतात.

एक काम मात्र अडलंय. कॅलथ्रॉपचं पहिलं इंजिन, लीड्सच्या किटसन कारखान्याचं, एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांचं आणि पाण्याची टाकी अंगावरच असलेलं टँक इंजिन, मला मापात करायचंय. चाकांच्या मधल्या जोड्यांचे फ्लँज, म्हणजे रुळाला धरणाऱ्या कडा, काढले की ते साडेतीन फुटात वळेल. त्याचं छायाचित्र आहे, पण गार्डाच्या डब्याची मापं आणि जुना रंग कुठेच मिळेना. आपल्या वाचकांपैकी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये कोणाचे वडील किंवा आजोबा असतील, आणि माळ्यावरच्या पेटीत एखादा नकाशा, निदान शेंद्री स्टेशनावरचा एखादा फोटो पडून असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयाकडे पाठवावा. मी एसटीने येऊन नक्कल काढून घेईन, मूळ कागद हलवणार नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
बार्शी