वकीलपत्र घेतलेल्या मुलीस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज चढला, माझाही चढला आणि आईने फोन काढून घेतला, म्हणून राहिलेले लिहितो. ज्याचे नाव काढले तरी गाव थुंकते, त्या माणसाचे वकीलपत्र तू घेतलेस, याविषयी आता मी काही बोलणार नाही. कोर्टातून परतताना तुझ्यासोबत कोणी असते का, एवढेच कळव.

शस्त्रे निघाली की कायदे गप्प होतात, हे प्राचीन रोमचा वकील आणि वक्ता सिसेरो याचे वाक्य तू मला ऐकवलेस. ते कोणत्या खटल्यातले, तेही लक्षात ठेव. इ.स.पू. 52 मध्ये रोमच्या राजकारणातला पुढारी मायलो याच्या माणसांनी त्याचा वैरी क्लोडियस याला रोमबाहेर जाणाऱ्या अप्पिया मार्गावर ठार केले. क्लोडियसच्या लोकांनी त्याचे प्रेत सिनेटच्या इमारतीत जाळले आणि इमारतही जळाली. मायलोच्या बचावात सिसेरोचे म्हणणे असे की, जिवावर उठलेल्याला परतवताना माणसाने न्यायनिवाड्याची वाट पाहावी, अशी अपेक्षा खुद्द कायदाही करीत नाही. तुझ्या अशिलाचा बचावही स्वसंरक्षणाचाच आहे. तेव्हा वाक्य वापरलेस, तर त्याच्या युक्तिवादासकट वापर.

पण खटल्याच्या दिवशी फोरमभोवती, म्हणजे रोमच्या मुख्य चौकाभोवती, सेनापती पॉम्पीचे सैनिक उभे होते, क्लोडियसचा जमाव ओरडत होता आणि रोमचा सर्वांत मोठा वक्ता अडखळला. मायलो हद्दपार होऊन आजच्या मार्सेला गेला. सिसेरोने मागाहून लिहून काढलेले सुंदर भाषण वाचून तो म्हणाला म्हणे, की हेच कोर्टात बोलला असतास, तर इथले चविष्ट मासे मला मिळाले नसते! सिसेरो घाबरला, यात मला काही कमीपणा वाटत नाही. तुझ्या कोर्टाच्या फाटकाशी जमणारी पोरे मी मोबाइलवर पाहिली आहेत. पाहा, पुन्हा तिथेच आलो.

याच सिसेरोने इ.स.पू. 63 मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना राज्य उलथवू पाहणाऱ्या पाच कटवाल्यांना खटल्याविना मारले. पाच वर्षांनी नागरिकाला असे मारणाऱ्याला हद्दपार करणारा कायदा क्लोडियसने आणला आणि सिसेरोला रोम सोडावे लागले. नकोशा माणसालाही खटला मिळालाच पाहिजे, असे तू म्हणतेस, तेव्हा मला अण्णांच्या विहिरीचे भांडण आठवते. नववीत होतीस, दोन्ही बाजू वहीत मांडल्यास आणि काकूने तुझ्याशी बोलणे टाकले. ती वही मी अजून ठेवली आहे. उलटतपासणीत मात्र राग दिसू देऊ नकोस, न्यायाधीशांचे वाक्य तोडू नकोस, कागद आदल्या रात्रीच लाव... माफ कर, मास्तरकी सुटत नाही.

अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी, मार्कससाठी, सिसेरोनेही इ.स.पू. 44 मध्ये कर्तव्यांवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि कायद्याचा अतिरेक म्हणजे अन्यायाचाच अतिरेक, ही जुनी म्हण त्यात घातली. मुलगा मात्र सीझरला मारणाऱ्या ब्रूटसच्या सैन्यात गेला. पुढच्या वर्षी डिसेंबरात सिसेरोचा वैरी अँटनी याच्या माणसांनी त्याला मारले आणि त्याचे शिर फोरममध्ये, तो जिथून भाषणे करी तिथेच लावले. इ.स.पू. 30 मध्ये तोच मार्कस कॉन्सल झाला आणि त्याच वर्षी सिनेटने अँटनीचे पुतळे उतरवले. दैव असे फिरते. पण बापाला ते पाहायला मिळाले नाही. मला तुझे पाहायचे आहे.

गुरुवारी तारीख आहे ना? नानांच्या मुलाला गाडी घेऊन पाठवतो. तो फाटकाच्या आत येऊन थांबेल. त्याला रिकामा परत पाठवू नकोस.

तुझा,
बाबा