गच्चीवर न जाता वाचा

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर सांगायचं तर तुम्हाला रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, आणि बाबा दोन मिनिटात "बरं ठेवतो" म्हणतात, म्हणून पत्रच लिहायलेय. पोरगी टॉवरच्या कामावर आणि आईबापाच्या घरात रेंज नाही, हसू नका.

फेब्रुवारीत एका रविवारी साइट डाउन आहे म्हणून मी गावाला आले नव्हते ना, साइट बिट काही डाउन नव्हती, गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा पेपर होता. तीन तास, 65 प्रश्न. नापास झाले असते तर कुणाला कळलंच नसतं. पण झाले पास, आता पुण्यात एमटेकला सीट लागलीय, टेलिकम्युनिकेशन, दोन वर्षं, आणि मी नोकरी सोडायलेय.

बाबा, तुम्ही म्हणणार पगार चालू असताना शिकायचं कशाला. यंदाचा गड्डा आठवा, सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानात आई बांगड्यांच्या स्टॉलपाशी मागं राहिली, फोनला रेंज फुल्ल आणि कॉल काही लागेना, तासाभराने सापडली ती भजी खात. तेव्हा तुम्ही म्हणालात, "टॉवर तर समोर दिसतोय की गं, मग?" मला उत्तर देता आलं नाही ओ. फायबर केबल कट झाली की ती जोडणाऱ्या स्प्लायसिंगवाल्यांना पाठवायचं, बॅटरी बँक बघायची, जेसीबीवाल्याशी भांडायचं, हे सगळं चार वर्षं केलं पण "का" विचारलं की गप्प.

अभ्यास करताना कळलं, फोनवरच्या कांड्या फक्त टॉवरचा आवाज किती जोरात येतोय ते सांगतात, तिथं जागा किती शिल्लक आहे ते नाही. आणि गंमत म्हणजे हे तुमचंच काम निघालं! तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधनं "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं" ऐकू यायचं ना, त्याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग नावाच्या माणसाने 1909 पासून मांडायला घेतलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी लाइन लागत नाही कारण सगळे एकदम बोलत नाहीत, मग किती लाइनी ठेवल्या तर किती जण परत जातील, हे त्याने काढलं. अजून फोनचं ट्रॅफिक त्याच्याच नावाच्या एककात, एरलांगमध्येच मोजतात. गड्ड्यात मात्र सगळे एकदमच बोलतात.

मला हेच शिकायचंय. जोडण्या करून झाल्या.

पैशाचं सांगते. गेटवाल्यांना महिना 12,400 रुपये मिळतात, होस्टेल मेस त्यात ओढूनताणून बसतं, बाकी माझे साठलेत. कर्ज नको आणि खालच्या पट्टीच्या शेताचा विषय तर काढूच नका, बाबा.

आई, तुझा प्रश्न मला माहितीये. सत्तावीस झाले, दोन वर्षांनी एकोणतीस. मावशीने आणलेल्या स्थळाला काय सांगायचं ते सांग, पण मी मुलाला बघून नाही म्हटलेलं नाही, एवढं तिच्या कानावर घाल म्हणजे ती रुसणार नाही. त्याला थांबायचं असेल तर थांबू दे. (नसेल थांबायचं तरी मला काही नाही.)

रविवारी सकाळच्या एसटीने येते, तेव्हा काय चिडायचं ते समोरासमोर चिडा. येताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणतेय. बाबांच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात ते मात्र कळवा, त्यासाठी गच्चीवर जा.

तुमची,
ताई