बोगस सभासद आणि प्ले स्टोअर

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "ॲप तयार आहे म्हणतोस, मग स्टोअरवर का दिसत नाही?" मी गाडीवर होतो, नीट बोलता आलं नाही. आता दिसतंय, बघ. मधे काय काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण त्यात तूही आहेस आणि तुला त्याचा पत्ता नाही.

आपल्या दूध संस्थेचं ॲप काय आहे ते तुला ठाऊकच आहे. सकाळ-संध्याकाळ घातलेलं दूध, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि दहा दिवसांच्या बिलातनं पशुखाद्याची नि उचलीची झालेली कपात, सगळं सभासदाच्या फोनवर. ते लिहिताना डोकं चाललं, स्टोअरच्या दारात मात्र त्याहून जास्त चालवावं लागलं.

गूगलकडं डेव्हलपर म्हणून नोंदवायला 25 डॉलर, तेही एकदाच. ॲपलचे दरवर्षी 99. खातं संस्थेच्या नावानं काढायचं तर डन्स नावाचा, संस्थेची ओळख पटवणारा नऊ आकडी क्रमांक लागतो. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "मासिक सभेत विषय घेऊया." म्हणजे गणपती गेले असते. मी सरळ माझ्या नावानं वैयक्तिक खातं काढलं. पण 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गूगलची एक अट आहे: ॲप सगळ्यांना खुलं करण्याआधी ठरावीक माणसांत चाचणी घ्यायची, आणि त्यात किमान 12 जण सलग 14 दिवस सामील पाहिजेत. आधी 20 लागायचे, डिसेंबर 2024 मध्ये आकडा खाली आणला.

कोल्हापुरात 12 माणसं मिळत नाहीत होय? मिसळीला 12 बोलव, 20 येतील. पण मला इथली पोरं नको होती. ती लिंकवर बोट मारतात आणि विसरतात. चाचणी संपल्यावर गूगल विचारतं की माणसं कुठनं आणली, ती काय म्हणाली, त्यावरनं तुम्ही काय बदललं. ही उत्तरं मनानं रचता येतात, पैसे घेऊन टेस्टर पुरवणारेही निघालेत. मी म्हटलं, दूध घालणारीच माणसं घेऊ.

गेलो संध्याकाळी डेअरीवर. फोन सगळ्यांकडं, पण त्यातलं जीमेल कुणाचं ते कुणालाच माहीत नाही! एकाच्यात नातवाचं, एकाच्यात जावयाचं, एका मामांच्या फोनमध्ये मोबाइलच्या दुकानदाराचं. चाचणीची यादी चालते जीमेलवर. काकूंच्या फोनमध्ये तुझं निघालं. काकू म्हणाल्या, "घाल की त्याचंच. तेवढाच दुधाला हात लागंल त्याचा." तर मर्दा, तू दोन आठवडे गूगलच्या दप्तरी म्हशीच्या दुधाचा टेस्टर होतास.

आणि कामाची सूचना आली तीही काकूंकडनंच. मशीनच्या चिठ्ठीवर फॅट 6.8, माझ्या ॲपमध्ये 6.80. त्या म्हणाल्या, "हे शून्य कुठलं वाढवलंस? शेजारणीला वाटलं, हिची फॅट वाढली." शून्य काढलं. चालू बिलाची बेरीज आत कुठंतरी होती, ती पहिल्या पानावर आणली. ह्यातलं एकही मला राजारामपुरीत बसून सुचलं नसतं. गूगलच्या प्रश्नांना हीच उत्तरं लिहिली, अगदी शेजारणीसकट.

खरी मजा पुढं. ॲपमध्ये शिरायला सभासद क्रमांक आणि ओटीपी लागतो. तपासणारा कुठल्या देशात बसलाय देव जाणे, त्याच्याकडं दोन्ही नाही. म्हणून लॉगिन असलेलं ॲप देताना आत जायला चालू खातं नि पासवर्ड द्यावा लागतो, दोन्ही स्टोअरना. मी सेक्रेटरींना म्हटलं, "एक खोटा सभासद घालूया." ते खुर्चीतनं उठलेच. "बोगस सभासद? निवडणूक तोंडावर असताना?" मतदार यादीत नाही, सर्व्हरवर, असं सांगून थकलो. चेअरमनना फोन झाला. शेवटी संस्थेला धक्का न लावता मी वेगळीच नकली संस्था उभी केली: एक सभासद, एक म्हैस, फॅट 6.8, एसएनएफ 9.1, ओटीपीऐवजी पासवर्ड. सेक्रेटरींनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "म्हस चांगली आहे. कुणाची?"

मग खातं मिटवायचं बटण. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते काढायची सोयही ॲपमध्येच हवी. ॲपलनं हे 30 जून 2022 पासून सक्तीचं केलंय. गूगललाही तेच पाहिजे, शिवाय ॲपच्या बाहेर वेबवरही तशी वाट हवी. सेक्रेटरी पुन्हा तापले. "सभासदत्व असं अंगठ्यानं जातंय होय? राजीनामा लागतो, ठराव लागतो!" बोलणं बरोबर होतं त्यांचं. मग दोघांनी बसून बटणाखालचा मजकूर लिहिला: ॲपमधलं खातं व त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक पुसला जाईल, सभासदत्व आणि दुधाच्या नोंदी संस्थेच्या दप्तरी राहतील. गोपनीयता धोरणातही तेच घातलं. सेक्रेटरींनी त्याची प्रत काढून जावक क्रमांक टाकला, फाइलला लावली. लोक म्हणतात, स्टोअरचे नियम म्हणजे साहेबी खूळ. मला तर आमचे सेक्रेटरी तिकडं सहज नोकरीला लागतील असं वाटलं.

एसएमएस वाचायची परवानगी मी मागितलीच नाही. ती मागितली की गूगल कारण विचारत बसतं, आणि ओटीपीचे सहा आकडे माणूस हातानं टाकू शकतो.

आता आयफोन. डेअरीवर तो दिसत नाही, पण डायरेक्टरांच्या पोरांकडं आहे, त्यामुळं चेअरमनना पाहिजेच. ॲपल म्हणतं, सरासरी 90 टक्के ॲपची तपासणी 24 तासांच्या आत होते. त्याआधी मला एक आयफोनवाला लागणार, आणि माझ्या ओळखीत तूच. टेस्टफ्लाइटची, म्हणजे ॲपलच्या चाचणीच्या सोयीची लिंक पाठवतो, ह्या वेळी विचारून. आणि काकूंच्या फोनमधनं तुझं जीमेल एवढ्यात काढू नकोस. दिवाळीला सभासदांना मिळणाऱ्या दूध दराच्या फरकाचं पान अजून चालू करायचंय.

तुझा,
पिंट्या