नाव एकच, कण वेगळे: शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहाविषयी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी निवृत्त औषधनिर्माण अधिकारी. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात माझी उभी नोकरी गेली. आयर्न सुक्रोज या शिरेतून द्यायच्या लोहाच्या औषधाचे तपकिरी ॲम्प्यूल (कुप्या) मी हजारोंनी वॉर्डात पाठवले. पांढऱ्याफटक पडलेल्या गरोदर बायका काही डोसांनंतर तरतरीत होताना पाहिल्या. हे औषध बंद करा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. ज्यांना गोळ्या सोसत नाहीत किंवा ज्यांचे दिवस भरत आलेत, त्यांना सलाईनमधूनच लोह द्यावं लागतं.

पण हे लोह मिठासारखं विरघळलेलं नसतं. लोहाच्या संयुगाचा काही नॅनोमीटरचा गाभा आणि त्याभोवती साखरेचं आवरण, असे ते कण असतात. तांबडी पेशी साधारण ७,००० नॅनोमीटर रुंद असते, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. शिरेत गेल्यावर यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, आतलं लोह हळूहळू सोडतात आणि रक्तातलं ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते वाहून नेतं. सगळी मदार त्या ‘हळूहळू’वर आहे. आवरण कच्चं असेल तर लोह रक्तातच सुटं होतं. ट्रान्सफेरिनला न पेललेलं सुटं लोह रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि यकृताला इजा करतं.

म्हणजे लेबलवर तेच नाव आणि तेच १०० मिलिग्रॅम असले, तरी दोन कंपन्यांचे कण शरीरात सारखे वागतील असं नाही. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी उंदरांवर मूळ आयर्न सुक्रोज आणि इतर कंपन्यांनी केलेल्या त्याच्या नकला ताडून पाहिल्या. काही नकलांनी यकृत, हृदय आणि मूत्रपिंडावर जास्त ताण आणला. फ्रान्समध्ये डायलिसिसच्या ७५ रुग्णांना मूळ औषधाऐवजी नक्कल सुरू केल्यावर हिमोग्लोबिन घसरलं आणि लोहाचा डोस वाढवावा लागला. अभ्यास छोटे आहेत, आणि त्यावरून प्रत्येक स्वस्त औषध वाईट ठरवणं अन्यायाचं होईल. पण पारखून घ्यायला हवं, एवढं त्यातून नक्की निघतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या, म्हणजे अशा अतिसूक्ष्म कणांच्या औषधांच्या, मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांना धरून कणांचा आकार आणि सुट्या लोहाचं प्रमाण यांचा अहवाल आपल्या निविदेत का मागू नये? सगळ्यात कमी दर हा एकच निकष इथे पुरत नाही.

एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. वर्षाच्या मध्यावर पुरवठादार बदलला. वॉर्डात जुन्या-नव्या दोन्ही बॅच एकाच ट्रेमध्ये होत्या. सात महिन्यांच्या एका गरोदर बाईला सलाईन चालू असताना हुडहुडी भरली, छाती आवळल्यासारखी झाली. सिस्टरने तत्काळ सलाईन बंद केलं, बाई सावरली. केसपेपरवर फक्त ‘आयर्न सुक्रोज’ लिहिलेलं. माझ्या रजिस्टरमध्ये दोन्ही बॅच नंबर होते, पण तिच्या शिरेत त्यातली कोणती गेली हे मला सांगता आलं नाही. सलाईन घाईने सोडल्यामुळेही असं होतं. कारण औषधात होतं की वेगात, ते कधीच कळलं नाही. औषध दुष्परिणाम नोंदीचा फॉर्म भरायला घेतला आणि बॅचच्या रकान्यापाशी थांबलो. पुढे त्या बाईने लोहाचं सलाईन घ्यायलाच नकार दिला, आणि तिला ते हवंच होतं.

युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगितलं आहे की प्रत्येक डोसनंतर रुग्णावर निदान ३० मिनिटं लक्ष ठेवावं, आणि तातडीचे उपचार देणारी माणसं नि साधनं जवळ असतील तिथेच हे इंजेक्शन द्यावं. आपल्याकडे एक सिस्टर तीन वॉर्ड सांभाळते तेव्हा ही ३० मिनिटं कुठून येणार? सिस्टरच्या रिकाम्या जागा भरणं आपल्या हातात आहे. ०.९ टक्के मिठाच्या सलाईनमध्येच आणि ठरल्या प्रमाणातच औषध मिसळावं, ग्लुकोजमध्ये नाही, हे भिंतीवर मराठीत लावायला तर पैसेही लागत नाहीत.

आणि प्रत्येक ॲम्प्यूलसोबत कंपनी व बॅच नंबरची सुटी चिकटपट्टी यावी, ती सिस्टरने केसपेपरवर डकवावी, अशी अट पुढच्या दरकरारात घाला. पुढच्या वेळी असं काही झालं तर भांडारातल्या माणसाला उत्तर देता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी